जुन्या घराचे काँक्रीट फोडून नव्या घराच्या पायाखाली भराव करावा का?

प्रश्न (वर्धा):
आमचे जुने स्लॅबचे घर पाडून त्याच जागी नवे घर बांधायचे आहे. जमीन काळी असून सुमारे 2 मीटर खोदल्यावर मुरूम लागतो. जुन्या स्लॅबचे व कॉलमचे काँक्रीट फोडून तेच फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) खड्ड्यांत आणि जोत्यात भरावे, म्हणजे मुरमाचे पैसे आणि राडारोडा उचलण्याचा खर्च दोन्ही वाचतील, असे कंत्राटदार म्हणतात. हे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर (स्थापत्य अभियंता, नागपूर):
फुटिंगखालचा भराव आणि फरशीखालचा भराव या दोन गोष्टी कृपया वेगळ्या ठेवाव्यात. फुटिंगखाली भराव कशाचाच नको. मुरूम लागेपर्यंत खोदून थेट त्यावर पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट) करावे.

जोत्यात मात्र फोडलेले काँक्रीट चालते, पण काळ्या मातीत एक धोका आहे. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही, त्यामुळे तिच्यात खड्डा खणून पोकळ राहणारे तुकडे भरले, तर पावसाचे पाणी त्यात हौदासारखे साठून राहते आणि आजूबाजूची माती महिनोन्‌महिने भिजवत राहते. मग फरशी उचलली जाते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून जोत्याखालची काळी माती काढून तिथे न फुगणारा चिकट मुरूम दाबून भरावा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशाच न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा अभ्यास केला होता, आणि तो थर साधारण 1 मीटर जाडीचा सुचवला जातो. फोडलेले काँक्रीट त्याच्या वर, सोलिंगच्या (फरशीखालच्या दगडांच्या थराच्या) जागी वापरावे, आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याला लागून पक्का पट्टा) अवश्य करावे.

उत्तर (पाडकाम व क्रशिंग व्यावसायिक, पुणे):
ब्रेकरने फोडलेले डोक्याएवढे तुकडे भराव म्हणून घेऊ नका. ते एकमेकांवर अडकून बसतात, मधली पोकळी वरून दिसत नाही आणि काही काळाने फरशी खचते. माल जॉ क्रशरमधून (तुकडे चिरडून लहान करणाऱ्या यंत्रातून) काढावा, मोठा तुकडा 75 मिमीच्या आत असावा आणि बारीक चुरा चाळून टाकू नये, कारण पोकळी त्यानेच भरते. तुकड्यांना चिकटलेला जुना मसाला बरेच पाणी शोषतो, म्हणून माल आधी भिजवून 150 मिमीच्या थरांत पसरावा आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा; कोपऱ्यांत धुम्मस चालवावी लागते. सळईचे तुकडे काढावेत. चौकटींचे लाकूड तर मुळीच राहू देऊ नये, कारण वाळवी तिथूनच लागते. पीओपीचे छत आणि जिप्समचा गिलावा पाडण्याआधीच उतरवून घ्यावा. एकदा ढिगात मिसळल्यावर तो वेचून निघत नाही.

उत्तर (डब्लिन):
पीओपीचा मुद्दा मी आग्रहाने पुन्हा मांडतो. जिप्सम म्हणजे सल्फेट. ओलाव्याबरोबर ते वरच्या काँक्रीटपर्यंत पोहोचले, तर सिमेंटशी त्याची प्रक्रिया होऊन काँक्रीट फुगते आणि तडकते. इथे आयर्लंडमध्ये कारण वेगळे होते, पण धडा तोच मिळाला. घरांच्या फरशीखाली भरलेल्या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) होते, हवा आणि ओलाव्याने त्याचे सल्फेट झाले, शेवटी तिथेच जिप्सम तयार होऊन भराव फुगला आणि फरशा उचलल्या गेल्या. अशा घरांच्या दुरुस्तीसाठी 2013 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. घर बांधून झाल्यावर खालचा भराव काढायचा म्हणजे सगळी फरशी फोडावी लागते, तेव्हा ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने घेऊन सल्फेटची चाचणी आधीच करून घ्यावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. सोलिंग करून उरलेले काँक्रीट फुटिंगखालच्या पीसीसीत खडी म्हणून वापरता येईल का?

उत्तर (स्थापत्य अभियंता, नागपूर):
येईल. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीचे भारतीय मानक आयएस 383, त्याच्या 2016 च्या आवृत्तीनुसार एम15 पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये जाड खडी पूर्णपणे पुनर्वापराची चालते, त्यामुळे आपल्या एम10 पीसीसीला अडचण नाही. सळईच्या काँक्रीटमध्ये एम25 पर्यंत 20 टक्क्यांचीच मुभा आहे, आणि जागेवर फोडलेल्या मालाची प्रत सारखी नसते, म्हणून फुटिंग, कॉलम आणि स्लॅबसाठी खाणीचीच खडी घ्यावी.