मदत हवी आहे: ईस्टरलींच्या ‘सर्चर’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टरलींवर बारावीच्या मुलांसाठी लेख लिहितोय. 1985 ते 2001 जागतिक बँकेत, मग परदेशी मदतीचे टीकाकार, हे जमलं. अडलोय त्यांच्या 2006 च्या पुस्तकातल्या प्लॅनर-सर्चर जोडीवर: प्लॅनर वरून मोठे आराखडे आखतात, सर्चर जागेवर करून बघत काय चालतं ते शोधतात. प्लॅनरला ‘नियोजक’ चालतं. पण सर्चर म्हणजे, उदाहरणार्थ, मलावीत गर्भवतींच्या दवाखान्यातून मच्छरदाणी 50 सेंटला विकायचे ते. त्यातले 9 सेंट नर्सचे, म्हणून साठा कधी संपायचा नाही! ‘शोधक’ लिहिलं तर प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते, ‘चाचपडणारे’ म्हटलं तर बिचारे वाटतात. ‘खटपटे’ मला आवडतो, पण संपादकांना हलका वाटतो. इंग्रजी शब्द ठेवायचा नाही, तळटीपही नको. नियोजकाशेजारी शोभेल असा एकच शब्द कुणाला सुचतोय का?