लेकीला सातव्या वर्षीच छातीत गाठ, मदत हवी आहे
ताई-दादांनो, आम्ही चोपड्याचे. लेकीला सात पूर्ण होऊन दोनच महिने झालेत. परवा न्हाऊ घालताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली, दाबलं की दुखते म्हणते. सासूबाईंनी सगळा दोष ब्रॉयलर कोंबडीला देऊन टाकला (आमच्याकडे ती महिन्यातून एकदा येते!). बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ८ वर्षांच्या आत असं दिसलं तर तपासायलाच हवं: हाडांचं वय बघायला हाताचा एक्स-रे, हार्मोन आणि थायरॉइडसाठी रक्त, पोटाची सोनोग्राफी. कधी नुसती छाती वाढून थांबते, कधी ती लवकर वयात येण्याची सुरुवात असते. वर्षभरात उंचीही भराभर वाढलीय, त्याचीच धास्ती. जळगाव-धुळ्याकडे लहान मुलांचे हार्मोनतज्ज्ञ आहेत का, की नाशिकच गाठू? पाळी लांबवण्याची इंजेक्शनं कुणाच्या मुलीला चालू आहेत का? आणि तिला हे सांगायचं कसं?