फवारणी यंत्राच्या नऊ पिनांच्या डी-कनेक्टरसाठी हूड कोणते निवडावे?

प्रश्न (अंबडवाला)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे युनिट असून द्राक्षबागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरचलित ब्लोअरसाठी आम्ही कंट्रोल बॉक्स बनवतो. बॉक्सच्या मागील बाजूस नऊ पिनांचा डी-कनेक्टर आहे आणि त्यातून फ्लो सेन्सरची (द्रावणाचा प्रवाह मोजणाऱ्या भागाची) शील्ड असलेली, म्हणजे तारांभोवती धातूची जाळी असलेली केबल बाहेर जाते. सोलेनॉइड व्हॉल्व्हची (विजेच्या कॉइलने उघड-बंद होणाऱ्या झडपेची) केबल वेगळी आहे, पण ती त्याच बंडलात बांधलेली असते. सध्या आम्ही साधे प्लॅस्टिकचे हूड, म्हणजे कनेक्टरची केबलकडची बाजू झाकणारे आवरण, लावतो. दुरुस्तीला आलेल्या बॉक्समध्ये दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. पिनेमागे जिथे सोल्डर संपते, नेमकी तिथेच तार तुटलेली असते. आणि व्हॉल्व्ह बंद होताना फ्लोचे आकडे एकदम उसळतात. धातूचे हूड घेतल्यास दोन्ही तक्रारी मिटतील का? बॉक्सच्या मागे जागाही बेताची आहे, त्यामुळे केबल सरळ बाहेर काढावी की काटकोनात, यावरही मत हवे आहे.

उत्तर (सिन्नर हार्नेस)

तार तुटण्याचा हूडच्या धातूशी थेट संबंध नाही, तो क्लॅम्पशी, म्हणजे हूडमधल्या केबल धरणाऱ्या पकडीशी आहे. सोल्डर करताना ते तारेच्या बारीक धाग्यांमध्ये इन्सुलेशनखालीही काही अंतर ओढले जाते, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो त्या रेषेवर ट्रॅक्टरची सगळी थरथर येऊन पोहोचते. म्हणून हूड निवडताना सर्वांत आधी केबलचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा आणि हूडचा क्लॅम्प त्या मापाला बसतो का ते पाहा. क्लॅम्पने केबलचे बाहेरचे जॅकेट घट्ट धरले पाहिजे. आतल्या सुट्या तारांना ताण मुळीच जाणवता कामा नये. तुमच्याकडचे एखादे परत आलेले हूड उघडून पाहिलेत, तर बहुधा केबल क्लॅम्पमध्ये मागे-पुढे सरकताना दिसेल. इन्सुलेशन टेप गुंडाळून ती जाडी भरून काढण्याची पद्धत सर्रास आहे, पण उन्हात टेपचा चिकटा सुटतो आणि पकड जाते. त्याऐवजी आतून चिकटा असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवून मग क्लॅम्प आवळावा. शक्य असल्यास सोल्डरऐवजी क्रिंप पिना (तारेवर दाबून बसवायच्या) वापराव्यात.

जागा कमी असेल तर सरळ हूड टाळा. कनेक्टरमधून बाहेर पडताच केबल बळेच वळवली, तर चांगला क्लॅम्पही व्यर्थ जातो. 45 किंवा 90 अंशांचे हूड घ्या, मात्र केबल कोणत्या बाजूला निघेल हे मागणी देण्यापूर्वी बॉक्सवर धरून पाहा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. या कनेक्टरचे स्क्रू मूळ मापाप्रमाणे 4-40 यूएनसी आट्यांचे असतात, म्हणजे इंचाला 40 आटे. काही हूडसोबत एम-3 (3 मिमी मेट्रिक) स्क्रू येतात. दोन्ही दिसायला सारखे असतात आणि एक-दोन फेरे बसतातही, पण जोर लावला की आटे खराब होतात आणि मग कनेक्टर थरथरीने सैल पडतो.

उत्तर (ईएमसी सातपूर)

दुसऱ्या तक्रारीसाठी धातूचे किंवा धातूचा मुलामा दिलेले हूड उपयोगी पडेल, पण केवळ ते लावल्याने नाही. शील्डची जाळी पिळून तिची लांब शेपटी एखाद्या पिनेवर सोल्डर केली असेल, तर वेगाने बदलणाऱ्या विद्युत गोंगाटासाठी ती शेपटीच अडथळा ठरते. जाळी जॅकेटवर उलटी दुमडून केबलच्या पूर्ण घेराभोवती हूडच्या धातूला टेकली पाहिजे. तिथून पुढचा मार्गही तपासा: बॉक्सवर पावडर कोटिंग असेल आणि कनेक्टर त्या रंगावरच बसवला असेल, तर हूड, कनेक्टरचे कवच आणि बॉक्स यांच्यात विद्युत संपर्कच होत नाही. बसवण्याच्या जागेवरचा रंग काढून मल्टिमीटरने हूड ते बॉक्स रोध मोजावा.

गोंगाटाचे मूळ मात्र व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये आहे. प्रवाह तुटताना कॉइल उलटा व्होल्टेज फेकते. डीसी कॉइल असल्यास तिच्या टोकांवर डायोड आडवा लावा आणि दोन्ही केबल एका बंडलात बांधणे थांबवा. हा खर्च हूडपेक्षा कितीतरी कमी आहे, म्हणून तो आधी करावा असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (पिंपळगाव सर्व्हिस)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण हे यंत्र बागेत चालते हे विसरू नये. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) चुना कमी पडला की मोकळे मोरचूद शिल्लक राहते. शेतकरी त्यात लोखंडी सळई बुडवून तिच्यावर तांबूस थर चढतो का, हे पाहतात ते यासाठीच. हेच द्रावण झिंक डायकास्ट (जस्ताच्या ओतीव) हूडवर पडले आणि निकेलच्या मुलाम्याला ओरखडा असला, तर आतले जस्त झिजते आणि त्यावर तांबे बसते. शिवाय साधे डी-हूड, प्लॅस्टिकचे असो वा धातूचे, पाणी रोखत नाही. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून आणि केबलच्या कडेने ओल आत जातेच.

माझ्या मते डी-कनेक्टर बॉक्सच्या आत घ्यावा आणि केबल ग्लँडमधून (केबलभोवती आवळून बसणाऱ्या बुचातून) बाहेर काढावी. केबल वारंवार काढावी लागत असेल, तर बाहेरच्या बाजूस आयपी 67 दर्जाचा (धूळ आणि पाणी रोखणारा), शील्ड जोडता येणारा एम-12 गोल कनेक्टर बसवावा. हा दर्जा कनेक्टर पूर्ण जोडून आवळलेला असतानाच लागू पडतो, म्हणून सोबत टोपण अवश्य द्यावे. प्रवेशाची जागा बॉक्सच्या तळाशी ठेवावी आणि केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी ग्लँडकडे न येता झोळाच्या तळातून गळून जाईल.

प्रश्नकर्ता (अंबडवाला)

सर्वांचे मनापासून आभार. परत आलेले एक हूड उघडले, तर केबल क्लॅम्पमध्ये खरोखरच सरकत होती आणि शील्डची शेपटी पिनेवर सोल्डर केलेली होती. नव्या बॉक्समध्ये कनेक्टर आत घेऊन तळाला ग्लँड देत आहोत आणि कॉइलवर डायोड लावत आहोत. आता एकच शंका उरते: कनेक्टर आत गेल्यावर शील्ड हूडपर्यंत न नेता ग्लँडपाशीच बॉक्सला जोडावी का?

उत्तर (ईएमसी सातपूर)

होय, बॉक्स धातूचा असल्यास तसेच करावे. शील्डला घेराभोवती पकडणारे धातूचे ग्लँड मिळते. ते घ्या आणि त्याच्या नटाखालचा रंगही काढा. तसे केल्यावर आतल्या कनेक्टरला चांगल्या क्लॅम्पचे प्लॅस्टिक हूड पुरेल.