ड्रेसडेनजवळच्या सुळक्यांवर जायचंय, कॅम मागवू का?

सुळकेवेडा: नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी तीन महिने जर्मनीत ड्रेसडेनला आलोय. सह्याद्रीत वजीर, तैलबैला चढून झालेत. इथले एल्बे नदीकाठचे वालुकाश्माचे सुळके पाहून हात शिवशिवतायत. भाऊ येतोय, त्याच्याबरोबर पुण्याहून कॅम, नट (दोर अडकवायला भेगेत बसवायची धातूची साधनं) आणि चॉक (हाताला लावायची पूड) मागवू का? रविवारपर्यंत पाऊस दाखवतायत, सोमवारी तिथल्या रातेन गावाला चढाईला जाईन म्हणतो.

एल्बेकाठची: भावाला चकल्या आणायला सांगा. धातूचं काहीही भेगेत घालायचं नाही, हा इथला नियम. चॉकही चालत नाही. दगड मऊ, कॅमवर पडलात तर भेगेची कडच निघून येते. स्लिंगला, म्हणजे दोराच्या फासाला, गाठ मारायची आणि भेग जिथे खाली निमुळती होते तिथे लाकडी पट्टीनं दाबून बसवायची. मधूनमधून दगडात कायमच्या बसवलेल्या लोखंडी कड्या असतात, पण पुढची कडी दिसेपर्यंत घसा कोरडा पडतो.

माझी पहिली गाठ मी दोनदा हिसका देऊन पाहिली होती. चार हात वर गेले, दोर हलला आणि गाठ स्लिंगसकट सुळकन घसरत खाली दोर धरून बिले देणाऱ्याच्या हेल्मेटवर! भेगेच्या मानानं गाठ बारीक होती. मग महिनाभर घरातल्या कपाटामागच्या फटीत गाठी बसवत होते. नवरा म्हणे, भिंत तरी सोड.

आणि सोमवार विसराच. वालुकाश्म भिजला की त्याची ताकद घटते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते, हाताची पकड तुटून हातात येते. ओल्या दगडावर चढायचं नाही, हाही नियमच.

बेसाल्टवाला: म्हणजे आमच्यासारखे मेखा ठोकणारे तिथे गुन्हेगारच की! सुरुवात कुठून करावी?

एल्बेकाठची: फाल्कनश्टाइन सुळक्यावरची शुस्टरची वाट. ऑस्कर शुस्टर 1892 मध्ये चढला, अवघडपणाची श्रेणी III. आकड्याला हसू नका, चिमणीत (अंग मावेल एवढ्या रुंद भेगेत) पाठ घासून निघते. एस-1 लोकलनं बाड शांडाऊला उतरायचं. माथ्यावर डब्यात वही असते, तीत नाव लिहायचं. चढाई फक्त सुट्या सुळक्यांवर, सलग कड्यावर नाही. स्थानिक कुणी बरोबर घ्याच.

सुळकेवेडा: कॅम रद्द. सोमवारी कपाट सरकवतो. गाठ केवढी मारू, मुठीएवढी?

एल्बेकाठची: एक मापाची नाहीच. पाच-सहा जाडीच्या स्लिंगा ठेवा, फट बघून ठरवा.