सेनेटमधली सभ्यता: खरंच कामाची, की नुसता मुलामा?

डेलावेअरकर:
लेकीच्या शाळेसाठी अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं (वर्णभेदाविरुद्धचा) वाचत होतो. सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दक्षिणेतल्या सेनेटरांनी नुसती भाषणं लांबवून कायदा अडवलेला. १० जूनला चर्चा थांबवण्यासाठी मतदान. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ, वाचा गेलेली, चाकाच्या खुर्चीतून आणलेले. नाव पुकारल्यावर त्यांनी कसंबसं बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळाही 'आय' आणि होकारही 'आय'! ७१ विरुद्ध २९, चर्चा थांबली. त्या ७१मध्ये २७ रिपब्लिकन. डेमोक्रॅट हम्फ्रींनी रिपब्लिकन नेते डर्कसेन यांच्या दालनात बसून मसुदा जुळवला, वर श्रेयही त्यांना घेऊ दिलं. आज हे कोण करतंय? २००९मध्ये ओबामांचं भाषण चालू असताना रिपब्लिकन खासदार जो विल्सन 'खोटं बोलताय' म्हणून ओरडले, २०२०मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या डेमोक्रॅट सभापती पेलोसींनी ट्रम्पच्या भाषणाचे कागद टराटरा फाडले.

चिकित्सक:
अहो, याचं श्रेय सौजन्याला कसलं देताय? विरोधातल्या २९पैकी २३ डेमोक्रॅटच होते. एका पक्षात उत्तरेकडचा नि दक्षिणेकडचा असे दोन पक्ष नांदत होते, म्हणून मतं इकडची तिकडे जायची. आणि अडवणाऱ्यांचे म्होरके, जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, वागण्याबोलण्यात अगदी खानदानी. गोड बोलून माणसांचे हक्क अडवायचे, ही कुठली सभ्यता?
सेनेटचा नियम १९च बघा. सहकारी सेनेटरवर हीन वर्तनाचा आरोप करायचा नाही. २०१७मध्ये डेमोक्रॅट सेनेटर एलिझाबेथ वॉरेन सहकारी सेनेटर सेशन्स यांच्याविरुद्धचं कोरेटा किंग (मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी) यांचं पत्र वाचत होत्या, तर हाच नियम दाखवून ४९-४३ने त्यांना खाली बसवलं. नंतर पुरुष सेनेटरांनी तेच पत्र वाचलं, कोणी हटकलं नाही.

डेलावेअरकर:
वॉरेनचं मान्य. पण तो नियम आला कशामुळे? १९०२मध्ये साउथ कॅरोलिनाचे टिलमन आणि मॅकलॉरिन, एकाच राज्याचे, एकाच पक्षाचे, भर सभागृहात गुद्द्यांवर आले म्हणून. १८५६मध्ये तर कनिष्ठ सभागृहाच्या ब्रूक्सने सेनेटर समनरला तिथेच काठीने रक्तबंबाळ केलं होतं.

ऑस्टिनची माई:
जुनी मढी किती उकरणार? २०२३चं बघा की. सरकार बंद पडू नये म्हणून कनिष्ठ सभागृहाचे रिपब्लिकन सभापती मॅकार्थींनी डेमोक्रॅटांची मतं घेऊन तात्पुरता खर्च मंजूर करून घेतला. तिसऱ्या दिवशी स्वपक्षाच्याच ८ जणांनी खुर्ची ओढली, २१६-२१०. आणि एकही डेमोक्रॅट वाचवायला आला नाही. मग पुढचा सभापती कशाला हात पुढे करेल?

डेलावेअरकर:
माई, मधल्या रविवारी मॅकार्थींनी टीव्हीवर सरकार बंद पडायची वेळ आल्याचं खापर डेमोक्रॅटांवरच फोडलं होतं. मंगळवारी मतदानाआधीच्या बैठकीत डेमोक्रॅटांनी तीच क्लिप लावली.

चिकित्सक:
हे माहीत नव्हतं. क्लिपचं पटलं. नियम १९बद्दल मात्र मी हटणार नाही.