नाताळच्या झाडाबद्दल मदत हवी आहे: कुंडीतलं अरोकेरिया (थराथरांच्या फांद्यांचं सदाहरित झाड) की प्लास्टिकचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे. यंदा घरात नाताळचं झाड कुठलं आणायचं यावर एकमत होत नाहीये. पूर्वी वाडीतल्या सुरूची फांदी तोडून वाळूच्या डब्यात रोवायचो, कापूस चिकटवला की झालं झाड. आता वाडी राहिली नाही, चौथ्या मजल्यावर राहतो. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरच्या सुरूला तर हात लावायचाच नाही. तीच झाडं तिथला वारा नि वाळू अडवून धरतात.

नवरा म्हणतो, प्लास्टिकचं घेऊ, दरवर्षी माळ्यावरून काढलं की काम झालं. पण ते पीव्हीसी तारेत असं पिळलेलं असतं की मोडल्यावर भंगारवालासुद्धा घेत नाही. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशोबाने, दोन मीटरच्या प्लास्टिक झाडामागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण होतं. तोडलेलं खरं झाड कचऱ्यात कुजलं तर १६ किलो, जाळलं तर साडेतीन. म्हणजे जाळलेल्या झाडाशी बरोबरी करायची तर प्लास्टिकचं निदान दहा-बारा वर्षं तरी टिकवायला हवं. हे आकडे अर्थात तिकडच्या शेतांत वाढवलेल्या झाडांचे.

मला जिवंत झाड हवंय, पण दरवर्षी एक आणून मारायचं नाही. नणंदेने अरोकेरिया आणलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं, तर फेब्रुवारीत खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळल्या, त्या पुन्हा फुटल्याच नाहीत.

आमची बाल्कनी पश्चिमेला आहे, दुपारनंतर कडक ऊन. मे महिन्यात झाड तगेल का? उंची वाढली तर शेंडा छाटायचा का? आणि २४ डिसेंबर ते ६ जानेवारी घरात ठेवलं तर चालेल ना?

प्रतिसाद १: ताई, शेंडा अजिबात छाटू नका, झाडाचा तो सरळ, थरांचा आकार पुन्हा येत नाही. दोन आठवडे घरात चालेल, पण खिडकीजवळ ठेवा. बाहेर काढताना आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात, नाहीतर पानं करपतात. मेमध्ये हिरवी जाळी लावा. वरची माती कोरडी वाटली की पाणी घाला, कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका. एलईडीची माळ चालेल, ती फारशी तापत नाही. दोन फुटी रोपच घ्या. खूप मोठं झालं तर मोकळ्या जागेत लावा, इमारतीलगत नको. हे झाड फार उंच जातं.

प्रतिसाद २: प्लास्टिकचंच ठरलं तर नवं घेऊ नका. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, विचारा, कोणाकडे तरी जुनं पडून असतं.

मूळ लेखिका: दोघांचे मनापासून आभार. अरोकेरियाच आणते. दोन फुटी रोपाच्या शेंड्याला कागदाची चांदणी पेलेल का? की ती बाळ येशूच्या देखाव्यातल्या गोठ्यावरच लावू?