नवीन कॅम आणि टॅपेट परत घासू नयेत म्हणून चालू करायच्या आधी काय काय बघू?

पुशरॉड_सहा:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६० च्या दशकातलं सहा सिलिंडरचं पुशरॉड इंजिन आहे, सपाट टॅपेटवालं (टॅपेट म्हणजे कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, टेकून पुशरॉड वर ढकलणारा दट्ट्या), रोलर नाही. पूर्ण बांधून घेतलं, बोअरिंग, क्रँक ग्राइंड, बेअरिंगं, नवा कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा), नवे टॅपेट, सगळं. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा आवाज इतका गोड होता की मी स्लोला ठेवून कार्बोरेटर आणि टायमिंग लावत बसलो, पाणी कुठे गळतंय का बघितलं, मध्ये दोनदा बंद करून परत चालू केलं. तीनशे किलोमीटर पण झाले नव्हते तोवर टकटक सुरू. टॅपेट सेट केले, दोन दिवसांत परत तोच आवाज, परत गॅप वाढलेली, आणि मग कार्बोरेटरमधून मागे फटफट मारायला लागली. वरचं झाकण काढून डायल गेज लावला तर चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह बाकीच्यांच्या निम्माच उघडतोय. कॅम बाहेर काढला तर तो लोब चक्क गोल झालाय आणि त्याच्यावरचा टॅपेट तळाला वाटीसारखा खोल.

ज्यांनी बांधलं ते म्हणतात ऑइल चुकलं, ज्यांनी कॅम विकला ते म्हणतात बसवणी चुकली. मला भांडत बसायचं नाहीये, नवा सेट आणलाय आणि इंजिन परत उघडलंय, पण खरं सांगतो, आता चावी फिरवायची धास्ती वाटते. आणि एक, बाकीचे अकरा टॅपेट दिसायला चांगले आहेत, ते नव्या कॅमवर वापरले तर चालतील का?

तेलकट_हात:
आधी शेवटच्या प्रश्नाचं, नाही चालणार. एकदा एका लोबवर चाललेला टॅपेट त्याच लोबचा, तो दुसऱ्या कॅमवर गेला की नवा लोब खातो. जुना कॅम जुने टॅपेट परत घालायचे तरी ज्याचा त्याच जागी.

आता तुमचं कुठे चुकलं. स्लोला ठेवलंत. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण नवीन इंजिन हळू चालवावं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या इंजिनांत कॅमच्या लोबला प्रेशरने ऑइल येतच नाही, क्रँक आणि रॉडवरून जे उडतं तेवढंच. स्लोला उडतच नाही धड. त्यामुळे इंजिन पेटलं की लगेच २००० आरपीएमच्या वर, २००० ते २५०० मध्ये वरखाली करत २० ते ३० मिनिटं, तेवढा वेळ स्लोला येऊ द्यायचंच नाही. गळती दिसली, गरम झालं तर बंद करा, दुरुस्त करा, पण परत चालू केल्यावर परत सरळ २००० ला.

म्हणजे तयारी आधीच हवी. टायमिंग इंजिन बंद असतानाच (स्टॅटिकला) नीट लावलेलं, कार्बोरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल भरलेलं, रेडिएटर भरून हवा काढलेली, कोणीतरी एक जण फक्त गेजकडे बघायला. पहिल्या सेल्फला पेटलं पाहिजे. सेल्फ मारत बसलात तर लोबवरची पेस्ट पुसली जाते आणि पुढे लोखंडावर लोखंड. पेस्ट म्हणजे मॉलिब्डेनमची काळी पेस्ट, लोबवर आणि टॅपेटच्या तळाला भरपूर, जर्नलला (कॅम बेअरिंगमध्ये फिरतो तो भाग) आणि टॅपेटच्या बाजूंना साधं ऑइल. पंपाचा शाफ्ट वरून हाताला येत असेल तर ड्रिल लावून, पंपाची फिरायची दिशा बघून, गेजवर प्रेशर येईपर्यंत फिरवा, नसेल तर प्रेशरच्या डब्याने गॅलरीतून (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेतून) ऑइल भरा. हे बेअरिंगसाठी, लोबला याचा उपयोग नाही हे लक्षात ठेवा.

थाऊ_आणि_मायक्रॉन:
वरचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते एक गोष्ट त्याच्याही आधीची आहे आणि ती कोणी बघत नाही. टॅपेट फिरतोय का?

याला आपण सपाट टॅपेट म्हणतो पण तो सपाट नसतो. त्याचा तळ अगदी किंचित फुगीर असतो, मध्यापासून कडेपर्यंत एक दोन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक, आणि लोब पण तिरका घासलेला असतो, एका बाजूला तेवढाच कमी. शिवाय लोब टॅपेटच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा बाजूला असतो. हे तिन्ही मिळून प्रत्येक फेरीला टॅपेटला थोडं फिरवतात, म्हणून झीज पूर्ण तळावर पसरते. फिरायचा थांबला की एकाच रेघेवर घासतो आणि मग ऑइल कितीही भारी घाला, काही मिनिटांत कडक थर जातो आणि लोब संपला. तुमचा बारापैकी एकच गेलाय ना? ऑइल तर बाराही लोबला तेच होतं, स्लोला बाराही चालले. म्हणून मला त्या एका जागेवर संशय आहे.

बघायचं कसं ते सांगतो. नव्या सेटमधले दोन टॅपेट तोंडाला तोंड लावून उजेडाकडे धरा, कडेला बारीक फट दिसली पाहिजे आणि एक दुसऱ्यावर हलका डुलला पाहिजे. फट नाही, डुलत नाही, तर ते फुगीर नाहीत, दोन्ही परत करा. मग टॅपेट धुऊन पातळ ऑइल लावून टॅपेटच्या प्रत्येक बोअरमध्ये (भोकात) सोडा, स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे आणि बोटाने गोल फिरवताना कुठेही अडकायला नको. शेवटी कॅम, पुशरॉड सगळं बसवून टॅपेटच्या बाजूवर मार्करने उभी रेघ मारा, क्रँक हाताने फिरवा आणि साइड कव्हरमधून रेघ सरकते का बघा. बाराच्या बारा.

जुनं_ते_सोनं:
ऑइलचा विषय इतका बाजूला टाकू नका हो. २००४ ला एपीआय एसएम हे ऑइलचं स्टँडर्ड आलं तेव्हापासून पातळ ग्रेडच्या, म्हणजे ३० आणि त्याखालच्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्याच्या वर नेता येत नाही, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. आणि फॉस्फरस कमी म्हणजे झेडडीडीपी हे झीज रोखणारं ॲडिटिव्ह कमी, ज्याचा जस्त आणि फॉस्फरसचा थर लोब आणि टॅपेटच्या मध्ये स्वतः झिजतो आणि लोखंड वाचवतो. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागत नाही पण म्हणून डब्यात जास्त आहेच असं नसतं, डेटा शीट बघा. मी रनिंग-इनला (सुरुवातीच्या चालवणीला) जस्त १२०० ते १४०० पीपीएम असलेलं साधं मिनरल ऑइल घालतो, सिंथेटिक नंतर. आणि रनिंग-इन ऑइल घेतलं असेल तर वरून अजून ॲडिटिव्हची बाटली ओतू नका, जास्त झालं की तेही धातूला खातं.

स्प्रिंग बदलल्यात का? दुहेरी स्प्रिंग असतील तर रनिंग-इनपुरती आतली काढून ठेवा. आणि पूर्ण लिफ्टला कॉइल एकमेकांना टेकत नाहीत ना ते फीलर गेज घालून बघा.

पुशरॉड_सहा:
काल रात्री बसून सगळं केलं. नव्या बारापैकी दोन टॅपेट डुलतच नाहीत, ते परत पाठवले. आणि थाऊ भाऊ, तुमचा संशय खरा निघाला. चौथ्याच्या एक्झॉस्टच्या बोअरमध्ये टॅपेट खाली जातो पण फिरवताना एका जागी धरतो. बॅटरी मारून आरसा घातला तर खालच्या कडेला एक बारीक बर (धातूची वर आलेली कड) आहे, नखाला लागते. बहुतेक पहिल्यांदा बांधायच्या वेळी मूळ कॅम काढताना लोब ठोकला असणार. आता होन मारू का, म्हणजे बोअर आतून घासून घेऊ का?

थाऊ_आणि_मायक्रॉन:
पूर्ण बोअर होन करू नका, ढिला झाला तर टॅपेट तिरका बसेल. फक्त ती बर बारीक ऑइल स्टोनने काढा. आणि एका लोबचं जेवढं लोखंड गेलंय ते सगळं ऑइलबरोबर फिरलंय, त्यामुळे गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश मारा, पंप उघडा, बेअरिंगं काढून बघा. हे टाळलंत तर नवा कॅम राहील आणि क्रँक जाईल.

पुशरॉड_सहा:
तीन आठवड्यांनी लिहितोय. मेन बेअरिंगांवर करडे ओरखडे होते, बदलली. बर काढल्यावर बाराही रेघा सरकल्या. रविवारी दुसऱ्या सेल्फला पेटलं, सरळ २२०० ला नेलं, भाऊ गेजपाशी उभा होता, पंचवीस मिनिटं वरखाली करत राहिलो आणि झाकण काढून बघितलं तर पुशरॉड गोल फिरताना डोळ्यांनी दिसत होते, चौथ्याचा पण. ऑइल लगेच बदललं, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून मॅग्नेट फिरवला. पेस्टचा काळा डाग आहे, मॅग्नेटला काही चिकटलं नाही. काल चारशे किलोमीटरनंतर बाराही गॅप परत मोजल्या, जिथे लावल्या होत्या तिथेच आहेत.